काकीच्या बावीचं पाणी

तळेऱ्याहून आत गेलेल्या रस्त्यावरच्या एका गावात मी उपकेंद्राची नर्स म्हणून रुजू झाले आणि एका म्हाताऱ्या बाईच्या घरी भाड्यानं राहू लागले. गाव तिला काकी म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. मी मालवणकडची, किरिस्ताव घरातली. पहिल्याच संध्याकाळी काकीनं विचारलं, "तुमचो उपास कधी असता गो?" मी सांगेपर्यंत तिनं कुळथाची पिठी आणि भात पुढे ठेवलासुद्धा.

तिची मुलं मुंबईत होती. घरामागे व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी तिच्या नवऱ्यानं खणलेली बाव होती. आमच्याकडे विहिरीला बावच म्हणतात. मे महिन्यात वाडीतल्या बाकीच्या विहिरी आटल्या की सगळ्या बायका तिच्याकडे पाण्याला यायच्या. काकी तिथेच बसून प्रत्येकीची चौकशी करायची. तो महिना तिचा फार आवडता.

वरच्या अंगाला डोंगरातून सिलिकाची वाळू काढून धुण्याचं काम चाललं होतं. धुतलेलं पांढरट पाणी व्हाळात यायचं. दुसऱ्या वर्षी काकीच्या बावीचं पाणीही तांदळाच्या धुवणासारखं दिसू लागलं. उपकेंद्रात अंगाला खाज सुटलेली, पोट बिघडलेली माणसं वाढली. मी पाणी गाळून, उकळून प्यायला लागले. काकीनं ते पाहिलं.

"माझ्या बावीचा पाणी उकळतंस?"

"काकी, सगळ्यांनाच सांगतेय मी तसं."

"मी जल्मभर ह्याच पाणी पितंय. माका काय झाला?"

दोन दिवस तिच्याकडून रोजची आमटीची वाटी आली नाही. तिसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन आली तेव्हा पदर सरकला आणि मला दिसलं, कोपरापासून मनगटापर्यंत खाजवून खाजवून हात सोलला होता. त्यावर तिनं खोबरेल चोपडलं होतं.

"हे कधीपासून?"

"तुका सांगलंय तर तू बाव बंद करतलंस," ती खाली बघत म्हणाली.

मी तिला कणकवलीला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे पाण्यामुळेच झालं असं ठामपणे सांगता येणार नाही, पण ते पाणी सोडा. बावीच्या पाण्याचा नमुना मी तपासणीला दिला होता, त्याचाही अहवाल आला. पिण्यास अयोग्य. मी तो स्वयंपाकघरात वाचून दाखवला. काकी भाजी चिरत राहिली. मग तिनं एकच विचारलं.

"खालच्या घरातल्या चेडवाचा पोट बिघडला, ता ह्याच पाण्यान?"

"त्या मुलीचं? असेल. नक्की नाही सांगता येत."

ती उठली, परसात गेली आणि रहाटाचा दोर सोडून घेऊन आली. "माझा काय व्हायचा ता होऊंदे. लोकांच्या पोरांका मी ह्या पाणी कसा देऊ?"

मे अजून लांब होता, वरच्या वाडीत व्हाळापासून दूरच्या विहिरीला पाणी होतं. दुसऱ्या दिवशी तिला कळशी घेऊन तिथे, दुसऱ्याच्या दारात जायचं होतं. ती तीनदा अंगणात येऊन परत आत गेली. शेवटी मी माझी बादली घेतली आणि बरोबर निघाले. वरच्या वाडीतली बाई, जी दर मे महिन्यात काकीकडे यायची, तिनं काकीची कळशी घेतली आणि भरायला लागली. "इतकी वर्सां आमका तुझ्या बावीचा पाणी होता," ती म्हणाली. काकी येताना वाटभर माझा हात धरून चालली.

पुढे ग्रामसभेत ती उभी राहिली. आलेल्या साहेबांसमोर शुद्ध मराठीत बोलायचं म्हणून तिनं मला आदल्या दिवशी चार वाक्यं विचारून घेतली होती. बोलताना दुसऱ्याच वाक्याला मालवणी आली आणि मग ती थांबलीच नाही. लोकांनी बरंच लावून धरल्यावर वाळू धुतलेलं पाणी साठवायला खड्डे खणले गेले. नळाचं पाणी एक दिवसाआड येऊ लागलं. काकीचा हात बरा झाला. बाव मात्र अजून पुरती निवळलेली नाही.

माझी बदली झाली त्यालाही आता काही वर्षं झाली. मधूनमधून काकीचा फोन येतो. मागच्या वेळी तिनं खालच्या घरातली मुलगी आता सायकलवरून शाळेत जाते, हे पाच मिनिटं सांगितलं. मग म्हणाली, "तू कधी येतलंस? येताना मालवणची सुकी कोलंबी घेवन ये, हंयची बरी नाय."