जुम्म्याचं खरं नाव

"भिकाजी गेले," असं निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, आणि खोटं कशाला सांगू, दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. चार महिन्यांपूर्वी हाच माणूस "जुम्मा गेला" म्हणाला असता. जालन्यात मस्तगडापासून स्टेशनापर्यंत भिकादादाला त्याच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारत नव्हतं. जवळजवळ तीस वर्षं तो जुम्माच होता. ते नाव माझ्या चुकीनं पडलं, आणि चुकीवर मी जे खोटं बोललो त्यानं ते टिकलं. आज तो जाऊन सहा आठवडे झाले. त्याच्याविषयी लिहायचं तर आधी हे लिहिणं भाग आहे.

भिकादादा हसनाबादचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. एका वाईट सालात मेंढरं गेली आणि तो जालन्याला कापसाच्या प्रेसमध्ये गाठी उचलायला आला. मी धावड्याचा. घरची जमीन बरी होती, म्हणून वडिलांनी शिकायला मस्तगडात खोली घेऊन दिली होती. शेजारच्या खोलीत तो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, उंच, हात गुडघ्याला टेकतील असे लांब. निजामाचं राज्य, शाळेतलं शिक्षण सारं उर्दूतून असे, आणि खोल्यांच्या त्या ओळीत उर्दू वाचता येणारा मी एकटाच. कचेरीचा कागद असो की प्रेसच्या भिंतीवरची नोटीस, लोक माझ्याकडे यायचे. मला 'मुन्शी' म्हणायचे. अठराव्या वर्षी मुन्शी म्हणवून घेण्यात फार गोडी असते...

प्रेसच्या माणसांची फुटबॉलची एक टीम होती. पायांत बूट नाहीत, गोलाला दोन दगड. त्या दोन दगडांमध्ये भिकादादा उभा राहायचा. दोन्ही हात पसरून, थोडा वाकून, नजर बॉलवर नाही तर मारणाऱ्याच्या कमरेवर. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "वाड्यातून मेंढरू सुटायला लागलं की त्याच्या तोंडाकडं पाह्यचं न्हाई. कंबर जिकडं वळती तिकडंच ते जातं." औरंगाबादची एक टीम एकदा जालन्याला खेळून गेली. बूट घालणारी, शिकलेली मंडळी. त्यांचे सात-आठ फटके त्यानं अडवले. जाताना त्यांच्या सेक्रेटरीनं त्याचं नाव लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी त्याच्या नावानं कार्ड आलं. औरंगाबादला नवं मैदान तयार झालं होतं, जाळी लावलेले गोल असलेलं, आणि पहिल्या सामन्याला त्यांच्या गोलकीपरच्या जागी भिकाजीनं यावं असं त्यात होतं. कार्ड घेऊन तो माझ्या दारात आला तेव्हा मी परीक्षेच्या घाईत होतो. अक्षर पळतं होतं. उर्दूत शुक्रवार म्हणजे जुमा आणि गुरुवार म्हणजे जुमेरात, दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. मला पहिली तीन अक्षरं लागली आणि पुढचं मी वाचलंच नाही. निजामाच्या राज्यात सरकारी सुट्टी शुक्रवारची. सुट्टी सोडून सामना कोण ठेवील?

"जुम्म्याला," मी म्हणालो.

"बराबर बघितलं ना?"

"मुन्शी कोण हाय, तू का मी?"

तो हसला आणि कार्ड माझ्याकडेच ठेवून गेला.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं आम्ही अकरा जण निघालो. एक खेळणारा आणि दहा बघणारे. प्रेस शुक्रवारीही चाले, म्हणून तिथल्या रामजी मुकादमानं साऱ्यांची सुट्टी मागून घेतली होती. डब्यात भाकरी आणि ठेचा सुटला. बदनापूरला गाडी थांबली तेव्हा मुकादम खिडकीतून फलाटावरच्या माणसांना ओरडून सांगत होता, "आमचा गोली हाय ह्यो! औरंगाबादला चाल्लाय!" भिकादादा लाजून टोपी तोंडावर ओढत होता. तो पहिल्यांदाच गाडीत बसला होता. चिकलठाणा गेल्यावर हळूच मला म्हणाला, "शंकर, जाळीत बॉल गेला की आवाज येतो का रं?" मला ठाऊक नव्हतं. मी "येतो" म्हणालो.

मैदान सुरेख होतं. चुन्याच्या रेघा होत्या, पण पायांनी पुसटलेल्या. दोन माणसं जाळ्या सोडवून त्यांची घडी घालत होती. मुकादमानं सामन्याचं विचारलं तर त्यांतला एक म्हणाला, "मॅच तो कलइच हो गया मियाँ. अब क्या देखने कू आए?"

मग मुकादम वळला. "जुम्मा म्हणून कोण म्हणलं व्हतं?"

कार्ड माझ्या खिशात होतं. काढून दाखवलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. मी म्हणालो, "मी कार्ड बघितलंच न्हाई. भिकादादानंच सांगितलं जुम्मा म्हणून."

भिकादादानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मारणाऱ्याच्या कमरेकडे पाहायचा तसं, मी आता कुठं वळतो हे बघत असल्यासारखं. मग म्हणाला, "हां. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

परतीच्या गाडीत कोणीतरी म्हणालं, बूटवाले बघून याची फाटली, म्हणून दिवस चुकवला. दुसरा म्हणाला, "काय जुम्मा पैलवान, आज कोणता वार हाय?" सारे हसले. नाव पडलं ते तिथं. औरंगाबादहून पुन्हा कार्ड आलं नाही. तो दगडांमध्ये उभा राहीनासा झाला, आणि पुढं ती टीमही मोडली. पण नाव राहिलं. त्याच्या लग्नात नवरी त्याचं नाव घ्यायला लाजत होती तर मुकादमच ओरडला, "जुम्मा म्हण, जुम्मा!" मी मांडवात होतो. मीही हसलो.

पुढं मी कचेरीसमोर अर्ज लिहायला बसू लागलो. वीस वर्षं माझं पोट लोकांच्या त्याच भरवशावर चाललं, की शंकरराव वाचतात ते बरोबर वाचतात. भिकादादाही कागद घेऊन माझ्याकडेच यायचा, आणि मी वाचलेलं कधी पुन्हा विचारायचा नाही. ते मला सर्वांत जड जायचं...

या वर्षी त्याला दम्यानं धरलं. प्रेसचं काम सुटलं. एका सकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो आणि पाठ करून ठेवलेलं सारं बोललो. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला.

"हे मला काय सांगून राह्यला?" तो म्हणाला. "कार्ड तुझ्या हाती म्याच देल्तं ना? मला तर त्याच दिशी ठाऊक झाल्तं. ज्यायला ठाऊक न्हाई त्यायला सांग."

"मग त्या वेळी का बोलला नाहीस?"

"तुझ्याबिगर आमचे कागद वाचणारं कोण व्हतं? तुझ्यावरचा भरवसा उडला असता, तर दहा जणांनी कागद घेऊन जायचं कुठं? दोन सालं तुझं तोंड बघू वाटत नव्हतं. पण कागद यायचे." मग दम खाऊन म्हणाला, "आता तू म्हातारा व्हायला आला. वाचणारेबी लई झाले. आता सांगायला काय हरकत न्हाई."

तरी मला आठ दिवस लागले. माझं गिऱ्हाईक जाईल, ही भीती खरी होती. शेवटी प्रेससमोरच्या चहाच्या हॉटेलात गेलो. त्या दिवशीच्या अकरा जणांपैकी सात तिथं अजून रोज बसत. भिकादादाला मुलानं धरून आणलं होतं. मी उभा राहिलो आणि कचेरीत जबाब द्यावा तसं सांगितलं. कार्ड कधी आलं, काय वाचलं, काय वाचलं नाही, मैदानावर काय बोललो, आणि परत येताना करमाडच्या पुढं कार्ड खिडकीतून कसं टाकलं.

मग कोणीतरी म्हणालं, "म्हंजी आता शंकररावालाच जुम्मा म्हणायचं का?"

"न्हाई न्हाई," भिकादादा म्हणाला. "त्याला जुमेरात म्हणा."

हॉटेल हसण्यानं भरून गेलं. भिकादादा हसता हसता खोकायला लागला, मुलानं पाठ चोळली. मला वाटलं, सुटलो. मी खाली बसणार तोच रामजी मुकादम, आता सत्तरीचा, काठी आपटून म्हणाला, "बसू नको. तू सारं सांगितलंस, बिलकुल बराबर सांगितलंस. पण त्याची माफी मागितली का?"

खरंच मागितली नव्हती. खोलीवरही नाही. हकीकत सांगितली की माफी मागून झाली, असं मी धरून चाललो होतो.

मी भिकादादासमोर गेलो, वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भिकाजीदादा, तू भ्याला नव्हतास. भ्यालो मी होतो. मला माफ कर."