काचेमागचे डोंगर

"काच बसवायच्या आधी मला एका शब्दाने विचारायचं तरी."

"विचारायचं काय त्यात? शुक्रवारी पाहुण्यांनी कौतुक केलं म्हणून तुम्हीच तो नकाशा हौसेने माझ्या खोलीत ठेवून गेलात. मी चांगली चौकट करून आणली, तर माझ्यावरच खापर?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

डिंकबाईंची हौस खरीच होती.

भूगोलाच्या या बाईंना सगळी शाळा डिंकबाईच म्हणे. एकोणीस वर्षांत त्यांच्या बोटांवरचे डिंकाचे पापुद्रे कधी सुटले नव्हते. नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण गायब झालं की तो विचारायचा, आज कुठली राजधानी वसवलीस? वर्गातल्या एकीला ऐकू कमी यायचं, म्हणून फळ्याकडे तोंड करून त्या कधी बोलल्या नाहीत. मागे हात करून लिहायच्या. अक्षर वाकडं यायचं आणि तपासणीत दरवर्षी त्याचाच शेरा पडायचा.

हा नकाशा होता तिसऱ्या बाकावरच्या, डोळ्यांनी अजिबात न दिसणाऱ्या मुलीसाठी. सुतळीच्या नद्या, लाकडाच्या भुशाचे डोंगर, बटणांची शहरं. तीन महिने खपून केलेला. आज सकाळी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तिने तो बोटांनी वाचून दाखवला असता, तर ती याच शाळेत राहिली असती. नाहीतर आईला सोडून लांबच्या वसतिगृहात.

परीक्षकांनी तिचा हात नकाशावर ठेवला. बोटं या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरली, परत आली. मग ती हळूच म्हणाली, "बाई, आज सगळा समुद्रच आहे."

डिंकबाईंनी पट्टी घालून काच उचकटली. भुशाचे डोंगर काचेलाच चिकटून वर आले. सुतळ्या दबून कागदासारख्या सपाट झाल्या होत्या. त्यांनी दुसरी तारीख मागितली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, शेरा लिहिला आणि सही केली.

मुख्याध्यापिकांचा आवाज आता उतरला होता. चौकटीवरची 'हात लावू नये' ही चिठ्ठी त्या नखाने खरवडत होत्या. मुलीची आई सकाळपासून पुढच्या दाराबाहेर बाकावर बसली होती. लेकीचं जुनं दप्तर तिने कालच नवीन चेन लावून आणलं होतं.

"तिच्या आईला कोण सांगणार? तुम्ही की मी?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

डिंकबाईंनी टेबलावरचं एक सुटलेलं बटण उचललं, मुठीत धरलं आणि मागच्या दाराने निघून गेल्या.