हात वर करून ठरलेलं कारण

त्याला कुणी कारण सांगू लागलं की तो हातातलं काम बाजूला ठेवायचा, तळहातावर तंबाखू मळत शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि मान हलवून म्हणायचा, "असन बाप्पा. तेही असन." मग चहा सांगायचा. सांगणारा खूश होऊन घरी जायचा.

ही सगळी कारणं त्याची मुलगी अशी का, याची असत. सत्तरच्या दशकात आम्ही नागपूरजवळच्या एका वीज केंद्राच्या वसाहतीत राहायचो. तो टर्बाइनवर ऑपरेटर, मी टाइम ऑफिसात कारकून, आणि आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. मुलगी माला. ती बोलत नसे. हाक मारली तर वळून बघत नसे, पण पलीकडच्या घरात कुणी स्टोव्हला पंप मारू लागलं की कान झाकून घ्यायची. स्टीलची ताटली जमिनीवर भिंगरीसारखी फिरवत बसणं हा तिचा दिवसभराचा उद्योग.

अशी मुलगी शेजारी असली की माणसं विद्वान होतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. कुणी म्हणे, त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, ग्रहणात भाजी चिरली. कुणी म्हणे, केंद्राच्या चिमणीची राख. डब्यातलं दूध, देवीची लस, बोअरचं पाणी. एक चार्जमन म्हणाला, जावळ फार लवकर काढलं. दुसरा म्हणाला, फार उशिरा काढलं. दोघं एकाच संध्याकाळी त्याच्या ओट्यावर होते आणि त्याचं दोघांशीही एकमत झालं.

मी एकदा त्याला विचारलं, एवढं सगळं कसं काय ऐकून घेतोस? तो म्हणाला, "लोकं येतात तर बसतात गा थोडा वेळ. नाहीतर कोन येते आमच्याकडं?"

मग त्याने मुलीला नागपुरात एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी एक शब्द दिला, ऑटिझम. आणि कारणही दिलं: आईची माया कमी पडली. त्या काळी मोठमोठ्या पुस्तकांतही तसंच असायचं, हे मला पुढे कळलं. वहिनी वसाहतीच्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. डॉक्टरांनी नोकरी सोडायला सांगितली आणि सकाळ-संध्याकाळ तासभर मुलीला घट्ट कवटाळून बसायला सांगितलं. वहिनींनी दोन्ही केलं. मालाला कुणी धरलेलं सहन होत नसे. भिंतीपलीकडून तिचं किंचाळणं ऐकू यायचं. वहिनी नळावर पाणी भरायला येत तेव्हा भर उन्हाळ्यात पदर मनगटापर्यंत ओढलेला असे, कारण हातभर चाव्यांचे वण होते.

त्याने कँटीनमध्ये तो शब्द मला सांगितला आणि पाळी बदलायच्या आत तो वसाहतभर पोहोचला. आमचे स्टोअरकीपर वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचणारे. त्यांनी शब्दाची फोड केली. ऑटो. गरोदरपणी वहिनी नागपुरात ऑटोरिक्षात बसल्या होत्या का? बसल्या होत्या. झालं. त्या महिन्यापासून वसाहतीतल्या गरोदर बायका सायकलरिक्षानेच जाऊ लागल्या. एका फिटरने तर बायकोला दवाखान्यात न्यायला बैलगाडी केली आणि बाळ नाक्याजवळ, गाडीतच झालं. ते उत्तम रडलं, म्हणून स्टोअरकीपरांचा सिद्धांत आणखीच पक्का झाला.

शब्द यायच्या आधी वसाहतीत एक माला होती. शब्द आल्यावर घरोघरी मुलं सापडू लागली. कुणाचा मुलगा काड्यापेट्यांची आगगाडी करायचा, कुणाचा पाहुण्यांना नमस्कार करत नसे, कुणाला पाढे येत नव्हते. शेवटी खुद्द सुपरिंटेंडेंट साहेबांवर संशय गेला, कारण ते टेबलावर पेनं उंचीप्रमाणे लावत आणि कुणाच्या नमस्काराला उत्तर देत नसत. "वाढून राहिलं," माणसं एकमेकांना हळूच सांगत. राखवाले म्हणाले, नवीन चिमणी झाल्यापासून. पाणीवाले म्हणाले, नवीन बोअर झाल्यापासून. दोन कुटुंबांचं यावरून बोलणं बंद झालं.

तेव्हा वसाहतीच्या मनोरंजन मंडळाने परिसंवाद ठेवला. त्या दिवसाचा हौजीचा खेळ रद्द करून. शाळेतून फळा आणला, तो वहिनींच्याच वर्गातला होता. त्यावर खडूने सगळी कारणं लिहिली: राख, पाणी, ऑटो, दूध, लस, आणि शेवटी, 'आईच्या मायेचा अभाव'. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, कारण मंडळाने त्या दोघांना खास आमंत्रण दिलं होतं. मालाला माझ्या बायकोने सांभाळायला घेतलं होतं. भाषणं लांबली. राखवाल्यांनी पुराव्यादाखल डबाभर राख आणली होती, ती पंख्याने उडून समोरच्या पाहुण्यांच्या डोळ्यांत गेली. चौकीदाराला हॉलला कुलूप लावायचं होतं, म्हणून अध्यक्ष म्हणाले, आता मतदानच घेऊ.

मी टाइम ऑफिसातला, म्हणून हात मोजायचं काम माझ्याकडे आलं. राखेचे आणि ऑटोचे जवळजवळ सारखे भरले. पण मोठ्या डॉक्टरांचा शब्द होता, त्यामुळे सगळ्यांत जास्त हात शेवटच्या कारणाला वर झाले. अध्यक्षांनी त्यावर खडूने गोल केला आणि संबंधित पालकांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती केली.

तो उठला. त्याचे दोन शब्द कोणते असणार हे सगळ्यांना माहीत होतं. काहीजण आधीच हसू लागले होते. त्याने फळ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं.

"हे नसन," तो म्हणाला.

त्याने फळ्यावरच्या गोलाकडे बोट केलं.

"बाकीचं काही असन. मले समजत नाही. पन हे नसन. मी घरात राह्यतो, मी पाहून राहिलो." मग म्हणाला, "आता एक सांगा. रविवारी माह्या साळीचं लगन हाये, रामटेकले. पोरीले मंडपात नेता येत नाही, बँड वाजला का ते डोकं आपटते. पोर झाल्यापासून आमी दोघं सोबत कुठंच गेलो नाही. रविवारी तिच्यापाशी कोन बसन?"

एवढ्या हातांपैकी एकही वर झाला नाही. माझ्या बायकोला त्या दिवशी माहेरी जायचं होतं. शेवटी स्टोअरकीपरांच्या मंडळींनी त्यांना मागून ढोसलं आणि ते दचकून उभे राहिले. उभे राहिले म्हणजे तयार, असं अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं.

रविवारी वहिनी घडीचे वण पडलेला शालू नेसून बाहेर पडल्या. संध्याकाळी ते परतले तेव्हा मीही ओट्यावर होतो. दार उघडंच होतं. स्टोअरकीपर फरशीवर पालथे पडले होते, गाल जमिनीला टेकवून. समोर तशीच माला. दोघांच्या मध्ये ताटली फिरत होती. आम्हाला पाहून त्यांनी बोटाने गप्प राहायची खूण केली. ताटली निजली तेव्हा ते उठून धोतर झटकत म्हणाले, "पडायच्या आधी तिचा आवाज एकदा बदलते. तुमी कधी ऐकला नसन."

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ते पुन्हा ऑटोवर बोलले, आधीच्याच जोराने. पण पुढच्या रविवारीही ते मालापाशी गेले, आणि त्याच्याही पुढच्या. वहिनींनी कवटाळणं थांबवलं आणि त्या शाळेत परतल्या. भिंतीपलीकडे बरीच शांतता झाली.

काही वर्षांनी नागपूरच्या नंदनवन वस्तीत एका बाईंनी आपल्या घरातल्या दोन खोल्यांत अशा मुलांचा वर्ग सुरू केला. त्याने लगेच राजीनामा दिला. नागपुरात मोटार दुरुस्तीच्या एका कारखान्यात कमी पगारावर लागला आणि तिथेच भाड्याने खोली घेतली.

निघायच्या सकाळी ट्रकमध्ये सामान चढलं, वहिनी चढल्या, आणि माला रस्त्याच्या मधोमध खाली बसली. उठेना. आम्ही सगळे पोचवायला जमलो होतो. कुणी म्हणालं ट्रकचा रंग, कुणी म्हणालं डिझेलचा वास, कुणी म्हणालं तिला घर सोडवत नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवणार होता, त्याला स्टोअरकीपरांनी हाताला धरून थांबवलं.

तिचा बाप हातभर अंतरावर, तापत चाललेल्या डांबरावर मांडी घालून बसला. तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. ऊन चढलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि सावलीला जाऊन बसला. आमच्यातले बोलणारे एकेक करून गप्प झाले. बऱ्याच वेळाने माला आपणहून उठली, ट्रकपाशी गेली आणि चढायला पाय वर केला. तिने त्याच्याकडे न बघताच हात मागे केला. मागोमाग आलेल्या त्याने आपलं एक बोट पुढे केलं, तेवढंच तिने धरलं.

ट्रक निघाला तेव्हा आम्ही हात हलवले. त्याने हलवला नाही. तो त्या बोटाकडे बघत होता.