फुलावरची जीभ

पक्षीवाल्या बबनने मला फसवलं. "लोरीकीट म्हणजे पोपटच की शेठ, डाळ-मिरची घाला," म्हणाला. घासाघीस जिंकल्याच्या तोऱ्यात मी पिंजरा घरी आणला.

दोन दिवस पाखराने दाण्याला चोच लावली नाही. आज बायकोने जास्वंदीचं फूल जाळीशी धरलं, तर ते जीभ काढून त्यातला मध चाटू लागलं. जिभेच्या टोकाला ब्रशासारखे केस!

कूळ पोपटाचंच, पण दूरच्या बेटांवर झाडं फुलतील तिथे याचं घर. आपण मात्र दोन पाखरं एका नावात घातली की त्यांची भूकही एकच समजतो.

"भाव पाडताना हे खातं काय, ते विचारलंत?" बायको म्हणाली.

नव्हतं विचारलं. पाखराच्या या उपासाचा जाब उद्या बबनने द्यायलाच हवा, आणि त्याच्या शेजारी उभं राहून मीही.