बस्त्यावचा चौथा आवाज

किनाऱ्यावरच्या देवबागात बस्त्याव रॉड्रिक्सचे पाय स्थिर असलेले कुणी पाहिले नव्हते. सहा दिवस ते शिलाईच्या मशीनवर चालत आणि आयतवारी, म्हणजे रविवारी, इगर्जीतल्या, चर्चमधल्या, पायपेटीवर. लहानपणी गोव्यात मामाकडे राहून, तिथल्या इगर्जीच्या शाळेत तो कागदावर लिहिलेले सूर वाचायला शिकला होता. पेटीचा भाता फाटला की तो स्वतःच ठिगळ लावी आणि म्हणे, "दर्जी आसंय मी. देवाचो श्वास पण शिवतंय."

दुसऱ्यांची गाणी वाजवता वाजवता तो स्वतःची रचू लागला. चाल सुचली की हाताशी असेल त्या कापडावर खडूनं सूर मांडायचा. एकदा मासेमारांचा म्होरक्या सत्यवान तांडेल याच्या नव्या सदऱ्याच्या पाठीवर अर्धं स्तोत्र राहून गेलं, आणि सत्यवान ते मिरवत अख्ख्या बाजारात फिरला.

१९५८च्या फेस्ताला, इगर्जीच्या वार्षिक सणाला, बस्त्यावनं मोठी उडी मारली. तोवर इगर्जीत सगळे एकाच चालीत गात. त्यानं चार आवाजांचं गाणं बांधलं. दोन आवाज बायकांचे, तिसरा पोरांचा, चौथा पुरुषांचा, अगदी खालचा. पण पुरुष होते कुठे? तरुण मंडळी कुणी बोटीवर, कुणी मुंबईत. पाद्रींनी स्पष्ट सांगितलं, "फेस्तापर्यंत खालचा आवाज मिळाला तर नवं गाणं. नाहीतर नेहमीचंच."

"तो सूर पेटीतच धरा नि गप बसा," बायको नातालीन म्हणाली.

"पेटीक छाती नसता गो! चार आवाज मिया कागदावर आयकलंय. एकदा कानान आयकूचे आसत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो किनाऱ्यावर गेला. रापण ओढणं चाललं होतं. समुद्रात अर्धवर्तुळात टाकलेल्या त्या अजस्र जाळ्याचे दोर धरून माणसं एकेक पाऊल मागे सरत होती, आणि प्रत्येक पावलाला छातीतून एक खोल हुंकार निघत होता. बस्त्याव वाळूत खिळला. हाच तो सूर!

"सत्यवान, तुझी माणसां माका व्हयी."

"कपडे शिवूक?"

"गावूक. इगर्जीत."

सगळी रापण खदाखदा हसली. "मास्तर, आमी देवळात भजन करणारे. पाद्री आमका भितर घेतीत?"

"मिस, आमची प्रार्थना, संपल्यार गावचा आसा. त्यांका मी सांगतंय."

"बरा. पण आदी माझ्या पाठीवरचा गाणा पूस!"

तो रोज रापणीवर जाऊ लागला. ते दोर ओढत, हा बाजूनं चालत एकेक ओळ सांगे. दोराच्या तालावर शब्द असे बसले की जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत गाणं पुरं व्हायचं.

फेस्ताच्या आदल्या दुपारी इगर्जीत तालीम झाली. वेदीसमोर बायका, पोरं आणि सत्यवानाची माणसं. बस्त्यावनं पाय मारले, गाणं उठलं, खालचा आवाज असा आला की खिडक्या थरथरल्या. मग तो हळूहळू विरत गेला.

"मोठ्यान रे!" बस्त्याव ओरडला आणि मान वळवली. वेदीसमोर पुरुष नव्हतेच. अख्खी रापण दाराबाहेर, वेदीकडेच तोंड करून वाळूत उभी!

"खंय चललास?"

"खंय? गावतव मां!" म्हणत सत्यवानानं खाली पाहिलं. "आयशीक! पाय खंय इले हे?"

पुन्हा उभं केलं, "हलूचा नाय" म्हणून बजावलं. पाय थांबले आणि गळेही थांबले.

"खांबाक दोर बांधूया?" नातालीननं सुचवलं.

"नको गो वयनी, खांब येतलो भायर," सत्यवान म्हणाला.

पाद्री कधीचे पाहत होते. "बस्त्याव, हे गाणं आहे की मासेमारी? उद्या नेहमीचंच घ्या."

बस्त्यावचे पाय अजून पेटीवर हलतच होते. त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं आणि तो उठला.

"पाद्रीबाब, माझे पाय हलले तरच पेटी गाता. ह्यांचे मी कित्याक बांधू? आणि सांगा, ह्यांतल्या एकान तरी वेदीक पाठ केली?"

"ता कसा करू?" सत्यवान चटकन म्हणाला. "देवळातसून पण आमी असेच मागे येतव. देवाक पाठ दाखवची नाय."

पाद्रींनी वेदीकडे, मग दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या दार सताड उघडं ठेवा. कुणी उंबरठ्याला अडखळू नये."

संध्याकाळी बस्त्यावनं शेवटचं कडवं बदललं. बायकांचे सूर वेदीपाशी लांबवले. खालच्या सुराला बाहेर जायला वाट ठेवली.

दुसऱ्या दिवशी मिस संपली. चारही आवाज एकदम उठले, आणि बस्त्यावनं ते कानांनी ऐकले. पुरुष गात गात मागे सरले, गर्दी दुभंगून वाट देत गेली. शेवटचा खोल सूर दाराबाहेरून, समुद्राच्या बाजूनं आला.

"पेटीत गावलो नसतो हो सूर," नातालीन पुटपुटली. तिच्याकडून एवढं म्हणजे पदकच.

पुढे बस्त्यावनं बरीच गाणी बांधली, आणि दर फेस्ताला खालचा आवाज मागे चालतच बाहेर जाऊ लागला. १९६०नंतर नवे पाद्री आले. त्यांनी विचारलं, "ही मागे चालण्याची रीत कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाय, पाद्रीबाब," बस्त्याव पाय मारीत म्हणाला. "फाल्यां सकाळी रापणीर येवा. एक दोर तुमका पण दितंय."