न लागणारा दहा आकडी नंबर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण घाबरायला नाही... चुका शोधायला. "माळ्यावर पावलं वाजत होती" असं कोणी लिहिलं की खाली "उंदीर बघा" अशी कमेंट टाकणारी जी बाई आहे न, ती मीच. आता तीच बाई स्वतःचा अनुभव लिहायला बसली म्हटल्यावर काही जण हसतील. हसा. भुताखेतांवर माझा विश्वास काल नव्हता, आज नाही, आणि हे लिहून झाल्यावरही नसेल. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, त्या दिवशी देव्हाऱ्याबरोबर गंडेदोरेही घराबाहेर गेले. ते परत आत आणायची माझी तयारी नाही. पण जे घडलं ते घडलं. ते लपवणं हाही एक खोटेपणाच.

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सोळा वर्षं झाली. बिघडलेल्या डिस्कमधून लोकांचा गेलेला डेटा काढून देणं हे मुख्य काम — लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब, कोणाचा प्रबंध.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. दुकान बंद ठेवून मी आतली आवराआवर करत होते, तेवढ्यात एक पस्तिशीचा माणूस सीपीयू छातीशी धरून आला. मागे त्याची आई. पांढरी साडी, पायात स्लीपर, हातात बटणांचा छोटा फोन. माणसाचं नाव मिलिंद. मिहान औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत नोकरी. सीपीयू त्याच्या बहिणीचा, करुणाचा. ती आदल्या ऑगस्टमध्ये डेंग्यूनं गेली. नऊ दिवसांत.

करुणा अंध मुलांच्या शाळेत शिकवायची. दहावीची पुस्तकं तिनं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली होती. नुसती वाचलेली नाही, तर आपल्या वऱ्हाडी बोलीत समजावून सांगितलेली. तीन वर्षांचं काम. तिची मुलं मार्चमध्ये बोर्डाला बसणार होती, आणि ते सगळं या एकाच डिस्कवर होतं.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होतं. एकाच खोलीत पडदा लावून दोन बिऱ्हाडं राहावीत, तसं. त्या पडद्याआडच्या जागेला पार्टिशन म्हणतात. करुणाचं काम सगळं लिनक्सच्या बाजूला. ती गेल्यावर मिलिंदनं सीपीयू आईच्या घरून मिहानजवळच्या आपल्या फ्लॅटवर नेला. दिवाळीत विंडोजला जागा कमी पडली म्हणून त्यानं लिनक्सचं पार्टिशन मागे सरकवलं. तेव्हा ते नीट चालत होतं. मग डिसेंबरच्या शेवटी विंडोज पुन्हा टाकताना...

"अननोन दाखवून राहिलं होतं, मॅडम. मले वाटलं रिकामं आहे. डिलीट करून टाकलं."

हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. त्याची आई दारापाशी उन्हात स्टुलावर बसली होती. ती त्याच्याशी बोलत नव्हती. काही सांगायचं झालं की मला सांगायची, तो तिथेच उभा असूनही.

डिलीट झालेलं पार्टिशन परत आणणं अवघड नसतं. डेटा जागेवरच असतो, फक्त तो कुठे सुरू होतो याची नोंद पुसली जाते. पूर्ण डिस्क तपासली की सापडतो. मी डिस्क काढून माझ्या मशीनला लावली, आणि आवाज ऐकून हात आखडता घेतला. टक... टक-टक... टक. डिस्क मरायला टेकली होती.

मी स्पष्ट सांगितलं. "ही काही तासांची सोबती आहे. पूर्ण तपासायला घेतली तर अर्ध्यातच जाईल. पार्टिशन कुठून सुरू होतं ते माहीत असतं तर थेट तेवढाच भाग कॉपी करून घेतला असता. किती जीबीवर सरकवलं होतं, आठवतं?"

"मधे कुठंतरी... नक्की नाही आठवत. स्क्रीनवर माउसनं ओढलं होतं नुसतं."

"मग अंदाजानं लावावं लागेल. चुकलं तर दुसरी संधी नाही. मला फक्त सुरुवातीचा नंबर पाहिजे, बाकी मी बघते."

तेव्हा ती बाई पहिल्यांदा नीट बोलली.

"नंबर पाहिजे काय तुले? एक हाय माह्यापाशी. करुणानं देल्ला."

मला वाटलं, करुणाच्या एखाद्या मित्राचा फोन नंबर असेल, ज्याला या कॉम्प्युटरची माहिती आहे. मी वही ओढली. "सांगा मावशी."

"एक दोन चार तीन, एक तीन आठ, शून्य चार आठ."

दहा आकडे. मिलिंद हळूच म्हणाला, "आई, एकानं सुरू होणारा मोबाइल नंबर नसतेच."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लावून पायला न मी. कितीकदा लावला. लागतच नाई."

मग मिलिंदनं समजावलं. आईला लिहिता-वाचता येत नाही. म्हणून करुणा तिच्याकडून सगळ्यांचे नंबर पाठ करून घ्यायची. डॉक्टरचा, गॅसवाल्याचा, मिलिंदचा, शाळेचा. तीनदा म्हणायला लावायची. एकदा पाठ झालेला नंबर आई विसरत नाही.

"कधी दिला हा नंबर तिनं?" मी विचारलं.

"गेल्या बुधवारी."

मी पेन खाली ठेवलं.

"मी गच्चीवर कपडे वाळू घालून राहिली होती. मांगून म्हणे, आई, हा पाठ कर. मंग नेहमीसारखं तीनदा म्हणायले लावलं."

"मावशी," मी जरा जोरातच म्हणाले, "ती ऑगस्टमध्ये गेली न?"

"गेली न वं! मले का समजत नाई का? शेवटचं पाणी मीच पाजलं तिले." तिचा आवाज माझ्याहून चढा होता. "तू नंबर मांगतला, मी देल्ला. पाहाचं तर पाय, नाई तर राहू दे."

खरं सांगते, मला राग आला होता. दुःखातल्या माणसाला असे भास होतात, आवाज ऐकू येतात, हे मला माहीत आहे. माझे बाबा गेले तेव्हा मलाही महिनाभर त्यांच्या खोकल्याचा आवाज यायचा. ते भूत नव्हतं, ती सवय होती. तर ही बाईसुद्धा तसंच काहीतरी म्हणत असणार... हे तिथल्या तिथे खोटं पाडावं म्हणून मी कॅल्क्युलेटर उघडला. आजकालच्या डिस्कवर पार्टिशनची सुरुवात कुठेही होत नाही. ते जिथून सुरू होतं त्या सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, आकडा २०४८ नं पूर्ण भागला जावा लागतो. मनानं बनवलेला आकडा भागला जाणं कठीण.

१२४३१३८०४८ भागिले २०४८.

६०७००१. बाकी शून्य.

मी पुन्हा केला. मग कागदावर हातानं केला. मिलिंद विचारत होता, "काय झालं मॅडम?" 

मग म्हटलं, अंदाजानंच लावायचं आहे न, तर हाही एक अंदाज. त्या आकड्यावरची अगदी छोटी पट्टी वाचून बघितली. डिस्कनं दोनदा टक्-टक् केलं आणि वाचली. लिनक्सच्या पार्टिशनची सुरुवात. इंचभरही इकडेतिकडे नाही, बरोब्बर तिथेच.

 पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. शंभर जीबीचं पार्टिशन, तिथून पुढे कॉपी सुरू केली. डिस्क तापू नये म्हणून टेबल फॅन लावला. ती मायबाई उन्हात बसून होती. मिलिंदनं समोरून तर्री पोहे आणले, आईसमोर ठेवले. तिनं मला दिले. "खाय तू. तुले काम हाय." स्वतः तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

साडेचारला शंभर जीबी पूर्ण झाले. पुढचा भाग घ्यावा म्हणून मी चालू ठेवलं आणि पाचच मिनिटांत डिस्क बंद पडली. पुन्हा सुरू झाली नाही, ती आजतागायत.

सगळं मिळालं असं नाही. विज्ञानाचे पाच पाठ फाटलेले निघाले, भूगोलाचे दोन. बाकीचे उघडले. मी पहिली जी फाइल हाताला लागली ती लावली.

"चला पोट्टेहो, मागच्या वेळी कुठवर आलो होतो आपण..." जरा बसका, पण हसरा आवाज. मागून भांड्यांचा खणखणाट, आणि दुरून तिची आईच — "चहा ठेवला वं!" "आई, रेकॉर्डिंग चालू आहे न!" आणि दोघींचं हसणं.

मला वाटलं मावशी रडेल. ती रडली नाही. डोकं थोडं तिरपं करून ऐकत राहिली आणि म्हणाली, "सर्दी झालती तिले त्या दिवशी. मी म्हटलं होतं, आज राहू दे."

मिलिंद बाहेर जाऊन गाडीला टेकून उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. थोड्या वेळानं ती दारात गेली.

"मिलिंद, काहून उभा हायेस तिकडं? ये. ऐक."

नंतर तो मला म्हणाला, एकोणीस दिवसांनी आई त्याच्याशी बोलली होती.

रेकॉर्डिंग शाळेत पोचली. मुलांनी ती ऐकून परीक्षा दिली. गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलंही नसतं. पण मी गप्प बसणारी नाही. पुढचे दोन महिने मी या नंबरच्या मागे लागले.

पहिला संशय : करुणानं जिवंतपणी पाठ करून घेतला असेल. पण पार्टिशन त्या जागी आलंच दिवाळीत, ती गेल्यावर. तिनं मुळात लिनक्स बसवलं तेव्हाची नोंद मला त्याच डेटात सापडली. तो आकडा वेगळा आहे. मग मिलिंदनं सांगितला असेल? त्याला सेक्टर म्हणजे काय हेच मला शिकवावं लागलं. त्याच्या स्क्रीनवर जीबी दिसत होते, हा आकडा नाही. आणि सीपीयू त्याच्या फ्लॅटवरून थेट माझ्याकडे आला. मी दुकानात नकळत बोलून गेले असेन, तिनं उचललं असेल... हा संशय मला फार आवडला होता. म्हणून मी मावशीचा फोन मागून घेतला. त्यातल्या यादीत तो नंबर होता. चौदा वेळा लावलेला. पहिला कॉल बुधवारी दुपारी, म्हणजे ती डिस्क मी पाहण्याच्या चार दिवस आधी.

योगायोग म्हणाल? हजार जीबीच्या त्या डिस्कवर पार्टिशन सुरू होऊ शकेल अशा साडेनऊ लाखांच्या वर जागा आहेत. एका वेळी, पहिल्याच झटक्यात, बरोबर ती. म्हणा योगायोग. मीही म्हणून पाहिलं. घशाखाली उतरत नाही.

हे मी दोन-चार जणांना सांगितलं तर लगेच सुरू झालं. आत्मा अडकलाय, शांती करा, अमुक महाराजांकडे न्या, बाईंचा व्हिडिओ काढा. एकानं तर तिच्याकडून लॉटरीचा नंबर विचारून द्यायला सांगितलं. त्या सगळ्यांना माझं एकच उत्तर आहे — मला कारण सापडलं नाही, याचा अर्थ तुमचं कारण खरं ठरलं असा होत नाही. आणि जे म्हणतात "ताई, तुम्ही बनवून सांगताय", त्यांनी दुकानात यावं. मेलेली डिस्क, नंबर लिहिलेली वही आणि भागाकाराचा कागद, तिन्ही ड्रॉवरमध्ये आहेत.

मागच्या महिन्यात मी मावशीच्या घरी गेले होते. गच्चीवर जाऊन बघितलं. तारा, शेजारची टाकी, खाली रस्ता. आवाज कुठून येऊ शकतो, हे तपासत अर्धा तास फिरले. ती खाली बसून माझी गंमत बघत होती. मी खाली आल्यावर म्हटलं, "मावशी, खरं सांगा, हे कसं झालं असेल?"

"मले काय विचारतेस वं? मी अंगूठाछाप बाई." तिनं माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. "तू तं शिकेल हायेस. तूच सांग मले."

मला नाही सांगता येत. अजून तरी.