नुसता चहा

...ते राहू दे गं, तो किस्सा मग सांगते. आधी हे लिही. तुझ्या ताईला सोमवारी पहिल्यांदाच कुणाला तरी कामावरून काढायचंय म्हणे, आणि पोरगी कालपासून धड जेवलेली नाही. नुसतं ताटात बोटं फिरवते. म्हणून तिच्यासाठी तुझ्या आत्याची गोष्ट सांगते. मी बोलते तशीच उतरव. मध्ये मध्ये शहाणपणा करून माझी वाक्यं सरळ करत बसू नकोस.

तर तुझी आत्या. तेव्हा ती खोक्यांच्या कारखान्यात होती. पुठ्ठ्याची खोकी गं, बुटांची, औषधांची. लागली तेव्हा फाटकाजवळच्या टेबलाशी बसून कोण आलं, कोण गेलं एवढंच बघायची. मग रोज शिफ्ट सुटल्यावर क्लासला जाऊन शिकली, परीक्षा दिल्या, आणि हळूहळू माणसांच्या खात्यात वर चढली. एचआर म्हणता ना तुम्ही, तेच. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला रजा द्यायची, कुणाचं कुणाशी वाजलं तर मिटवायचं, आणि वेळ आली की कुणाला घरी पाठवायचं. हे शेवटचं सोडलं तर बाकी सगळं तिला मनापासून आवडायचं.

आता तिच्याआधीचा जो साहेब होता ना, त्याची एक रीत होती. कुणाला काढायचं असलं की भिंतीवरच्या कर्ण्यातून नाव पुकारायचा. "अमुक अमुक, ऑफिसात या." झालं! त्या माणसानं हातातलं काम ठेवायचं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो लांबलचक हॉल चालत जायचा. लग्नाच्या मांडवातून चोराला नेतात तसं. आत्यानं ते बघितलं आणि कानाला खडा लावला. म्हणाली, माझ्या हातात आलं की मी कुणाला असं चालवणार नाही, मीच चालत जाईन.

आणि खरंच आलं तिच्या हातात. मग ती काय करायची, दोन कप चहा घ्यायची, एक त्याचा, एक आपला, खाली हॉलमध्ये जायची, त्या माणसाच्या शेजारी स्टूल ओढून बसायची आणि हलक्या आवाजात सांगायची. त्याला रडू द्यायची, शिव्या द्यायच्या तर देऊ द्यायची. पुढचं काम शोधायला मदत करायची. घरी येऊन मला म्हणायची, "आई, वाईट बातमी असते, पण निदान जवळ बसून सांगते." मलाही वाटायचं, माझ्या लेकीचा हात मायेचा आहे. होताच. पण त्या मायेचं काय झालं होतं ते ना तिला ठाऊक, ना मला.

मग एक नवा मोठा साहेब आला. गोरागोमटा, बोलायला गोड, आणि आतून वरवंटा. आल्या आल्या त्याला कटिंगमधला एक माणूस खुपायला लागला. कटिंग म्हणजे पुठ्ठ्याची थप्पी मशीनखाली सरकवायची, पायानं पट्टी दाबायची की वरून पातं येतं आणि खाचकन् कापून जातं. हा माणूस तिथला सगळ्यात जुना. इतकं सरळ कापायचा की सगळे त्याला फूटपट्टीच म्हणायचे. त्याच्या बायकोनंसुद्धा एकदा फाटकावर येऊन "आमचे फूटपट्टी आहेत का आत?" असं विचारलं होतं म्हणे. पण अलीकडे तो संथ झाला होता. शेजारच्याच्या दोन थप्प्या व्हायच्या तेव्हा ह्याची एक.

साहेबानं आत्याला बोलावलं. "मॅडम, तो फूटपट्टी का कोण, त्याला आज मोकळा करा. शिफ्ट सुटायच्या आत."

"का संथ झालेत ते आधी विचारते," आत्या म्हणाली.

"विचारा की. चौकशी केल्यानं बोलणं सोपं जात असेल तर करा. पण उद्या तो मला तिथं दिसता कामा नये."

आत्या बाहेर आली. माणूस पन्नाशी उलटलेला, धाकटी मुलगी अजून शिकत होती. दुसरीकडे कोण उभं करणार त्याला? तिनं मनाशी ठरवलं, काढायचं म्हणून जायचंच नाही. त्याला काय होतंय ते कळलं तर साहेबाशी भांडायला तोंड तरी राहील. आणि सवयीनं तिनं दोन कप चहा घेतला. सवयीनं गं. हात आपोआप गेला.

जिना उतरून ती हॉलमध्ये पाऊल टाकते तोच दारापाशी डिंक लावणारी बाई थबकली. ब्रश हातात तसाच. मग पुढचं मशीन थांबलं. मग त्याच्या पुढचं. आत्या जसजशी पुढे जाईल तसतसा हॉल गप्प होत गेला. एक जण तर चक्क भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आत्याला वाटलं, वीज गेली की काय? वर बघितलं तर दिवे लख्ख. आणि मग तिच्या लक्षात आलं की सगळे तिच्याकडे बघतच नाहीयेत. तिच्या हातातल्या कपांकडे बघतायत.

 तरी ती चालत राहिली, आता परत कशी फिरणार? सबंध हॉलमध्ये एकच मशीन चालू होतं. फूटपट्टीचं. ज्याच्यासाठी ती आली होती, त्या एकट्यालाच भीती वाटत नव्हती. मान वाकडी करून तो थप्पी सरकवत होता, पट्टी दाबत होता. खाच. खाच.

आत्या त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. अगदी हाताच्या अंतरावर. तो वळला नाही. "काका," ती म्हणाली. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. तिला वाटलं, मुद्दाम बघत नाहीये, रागावलाय. म्हणून तिनं त्याचा कप टेबलाच्या डाव्या कडेला, त्याला दिसेल असा ठेवला.

त्याला तो दिसलाच नाही. त्यानं नवी थप्पी ओढली, कोपर कपाला लागलं, चहाचा चटका दंडभर बसला, आणि दचकून त्याचा पाय पट्टीवर दाबला गेला. डावा हात अजून आतच!

 पण शेजारच्या मशीनवर एक बाई होती, तिला सगळे भोंगा म्हणायचे, आवाजच तसा. ती "हाऽऽत!" म्हणून ओरडली आणि ओरडता ओरडता तिनं लाल बटणावर मूठ हाणली. पातं थांबलं. कुठं थांबलं माहितेय? त्याच्या बोटांच्या वर, एवढंसं. त्यानं हात बाहेर काढला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शाबूत होती सगळी. मग त्यानं अख्खी मान फिरवली, अशी, खांद्यासकट, आणि तेव्हा कुठं त्याला आत्या दिसली. कप दिसला.

"आणलात का चहा," तो म्हणाला. "म्हणजे माझा नंबर."

"कसला नंबर, काका?"

त्यानं हातावरचा चहा पुसला. भोंगा बोलली. तिला हळू बोलता येतच नव्हतं, पण तेव्हा बोलली. "मॅडम, खरंच ठाऊक नाही तुम्हाला? तुमचा चहा प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी इथं नसतो. कर्णा बरा होता हो. तो वाजेपर्यंत तरी आम्ही निवांत असायचो. आता तुम्ही पाणी प्यायला खाली आलात तरी आमच्या तोंडचं पाणी पळतं."

आत्याला वाटलं, कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पण रडायला वेळ नव्हता. तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी टोचत होतं. सगळ्या हॉलला दिसलेली ती ह्याला का दिसली नाही? ती खाली वाकली आणि अगदी कानाशी म्हणाली, "काका, ह्या बाजूचं दिसत नाही ना तुम्हाला?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हळू बोला. डावा डोळा गेलाय. आतली नस सुकली म्हणाले डॉक्टर, आता येणार नाही परत. म्हणून दर थप्पीला मान वळवून बघतो, त्यात वेळ जातो. मॅडम, पाया पडतो, कुणाला सांगू नका. हात जपून टाकेन मी."

"आत्ता बघितलं ना काय झालं."

"ते चहामुळं! एरवी मी डोळ्यात तेल घालून..." आणि स्वतःच थांबला. "एकाच डोळ्यात," म्हणाला. हसायला गेला, पण हसू ओठांवरच राहिलं.

एवढ्यात जिन्यावर बूट वाजले. मशीनं बंद पडलेली ऐकून साहेब खाली आला होता. "काय चाललंय? काम का थांबलं?"

"कप मी ठेवला होता. माझ्यामुळं झालं," आत्या म्हणाली. खरंच होतं ते.

"चहाच्या कपासाठी अख्खा हॉल बंद? चला, सुरू करा."

फूटपट्टीनं आत्याकडे बघितलं. गप्प राहा, एवढंच होतं त्या बघण्यात. मग तो वळला, थप्पी ओढली आणि पाय उचलून पट्टीवर ठेवला. भोंगाचा हात आपोआप लाल बटणाकडे गेला. आत्याला एका बाजूला त्याची बोटं दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला त्याचं घर. गप्प राहिली असती तर तो तिला जन्मभर दुवा देत राहिला असता. म्हणजे बोटं जाईपर्यंत.

"थांबा," ती म्हणाली. "ह्यांचा डावा डोळा गेलाय, हे ह्या मशीनवर बसणार नाहीत. आजपासून."

काय झालं असेल त्याचं तोंड! "विश्वासानं सांगितलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाला आणि हातमोजे काढून टेबलावर ठेवले. अगदी सरळ, एकावर एक.

वर ऑफिसात साहेब खूश. "छान केलंत. संथ होता, वर डोळाही गेलेला. म्हणजे प्रश्नच मिटला. जाऊ दे घरी."

"मशीनवरून काढलं मी, नोकरीवरून नाही," आत्या म्हणाली. टेबलाची कड धरून उभी होती, नंतर मला सांगितलं तिनं. "त्यांना दुसरं काम द्यायचं."

"उद्या आणखी चौघं डोळा झाकून येतील मॅडम तुमच्याकडे."

"येऊ देत. बोटं जायच्या आधी येतील. आज ह्यांनी लपवलं, कारण ह्या कारखान्यात आपलं दुखणं सांगायला जावं असं एकही माणूस नाही. मीसुद्धा नाही."

साहेबानं पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाला, "पुढच्या पगारापर्यंत तुम्हीच शोधा त्याला काम. नाही मिळालं तर मात्र तुमचा तो चहा घेऊन तुम्हीच जायचं."

बघ! त्यालासुद्धा ठाऊक होतं. एक तिलाच सोडून सगळ्या जगाला.

पुढचे दिवस कसे काढले तिनं, तिचं तिला माहीत. ह्या खात्यात जा, त्या खात्यात जा. गोदामवाला म्हणाला, आमच्याकडे गाड्या मागं घेतात, हा चिरडेल. छपाईवाला म्हणाला, माणसं आहेत तीच जास्त आहेत. फूटपट्टी रोज यायचा, फाटकाजवळच्या बाकावर बसायचा आणि आत्या समोरून गेली की मान फिरवायचा. सोपं होतं त्याला, डाव्या बाजूनं गेली तर मान फिरवायचीही गरज नव्हती. असं तीच सांगायची आणि डोळे पुसायची.

शेवटी पगाराला थोडेच दिवस उरले तेव्हा भोंगाच वर आली. "मॅडम, नवी पोरं मशीनवर बसतात, त्यांना कोण शिकवतं? कुणी नाही. मी ओरडते तेवढंच. फूटपट्टीला त्यांच्या पाठीशी उभा करा. ज्याची बोटं जाता जाता राहिली त्याच्याइतकं कोण सांगणार, हात काढ म्हणून?" आत्यानं ते साहेबाच्या गळी उतरवलं. कसं उतरवलं ते विचारू नकोस, त्या दिवशी तिचा घसा बसला होता. साहेब म्हणाला, "बरं. पण माझं लक्ष राहील." राहू दे की.

फूटपट्टी कामावर उभा राहिला, पण आत्याशी एक शब्द नाही. आणि आत्यानं चहाला हातच लावायचं सोडलं. रिकाम्या हातांनी खाली जायची. तर पहिल्याच दिवशी पुन्हा सगळे गपगार! भोंगा ओरडली, "अरे, हात रिकामे आहेत, करा कामं!" तेव्हा कुठं मशीनं फिरली. विश्वास गेला की असं होतं बाई.

मग एक दिवस आत्या ऑफिसात बसली होती आणि दार ढकललं गेलं. फूटपट्टी. हातात दोन कप, जिना चढून आलेला, नीट समोर धरून, दोन्ही दिसतील असे.  सोडून चालला हा, असंच वाटलं तिला. त्यानं स्टूल ओढलं, जवळ बसला, एक कप तिच्यापुढं सरकवला आणि तिच्या तोंडाकडे बघत बसला.

"काय झालं काका? सांगा की."

"काही नाही."

"मग?"

"कसं वाटतं ते बघत होतो," तो म्हणाला. "घ्या आता. नुसता चहा आहे."

तेव्हापासून आत्या रोज चहा घेऊन खाली जायला लागली. आज डिंकवालीकडे, उद्या भोंगाकडे, कामाचं काही नसताना. सुरुवातीला कुणी कपाला शिवायचं नाही, साय धरून जायची त्यावर. पहिला घोट फूटपट्टीनं घेतला, सगळ्यांसमोर, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झाला. मग बाकीचे प्यायले. पुढं कुणाला काढायची वेळ आलीच, ती काय कायमची टळते का, तर तेव्हा ती हात रिकामे ठेवून जायची. वाईट सांगायचं ते सांगायची, चहाच्या आड लपायची नाही.

झालं, एवढंच. आता हे ताईला दे. आत्ताच दे, ती खोलीत दिवा लावून बसलीय. आणि सांग तिला, सोमवारी ज्याच्याकडे जायचंय ना तुला, त्याच्याकडे उद्याच एकदा जाऊन बस म्हणावं. काय होतंय विचार त्याला. ऐकून घे, आणि मग ठरव. आणि जाताना हा डबाही ने, जेव म्हणावं आधी.